बेहड्याचे झाड आणि अकरा नावे

सायंकाळी सात वाजता नाणेफेक व्हायची, आणि दोन्ही संघांची अंतिम नावे जाहीर झाल्यापासून पहिला चेंडू पडेपर्यंत जो अर्ध्या तासाचा अवकाश मिळे, त्या अवकाशात माझा भाचा घरातल्या कोणाशीही बोलत नसे. नागपूरच्या महाल भागातील आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर, एका मांडीवर मोबाइल आणि दुसऱ्या मांडीवर शंभर पानी वही घेऊन तो बसे. वहीत त्याने स्वतः आखलेले रकाने असत. मैदान कोणते, माती काळी की लाल, दव किती वाजता पडते, डावखुऱ्या फलंदाजापुढे कोणत्या ऑफस्पिनरने पूर्वी काय केले, शेवटची षटके कोण टाकतो, हा सारा तपशील त्यात असे. आणि त्याची रुजवात घालून तो बावीस नावांतून अकरा नावे निवडी. खर्चायला शंभर क्रेडिट, त्यांत नामांकित खेळाडू महाग आणि नवखे स्वस्त. ज्याला कर्णधार नेमावे त्याचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. आणि हे सर्व झाल्यावर एकोणपन्नास रुपयांचा प्रवेश, की ज्यात हजारो अनोळखी माणसे त्याच अर्ध्या तासात तीच बावीस नावे चाळीत बसलेली असत.

एकदा मी सहज ‘जुगार’ हा शब्द उच्चारला. तो रागावला नाही, वही मिटून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “मामाजी, जुगार नाही हे. डोकं लागते याले. मी नशिबावर काहीच सोडून नाही राहिलो.”

त्याचे ते शेवटचे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. त्या मुलाने वहीवर घेतलेली मेहनत मी डोळ्यांनी पाहिली होती, आणि इतकी मेहनत त्याने अभ्यासावर घेतली असती तर बरे झाले असते, असे जे सोपे उत्तर वडीलधारी मंडळी अशा वेळी देतात ते मला अप्रामाणिक वाटले. निवड ही एक विद्या आहे, यात संशय नाही. माझ्यापुढे उभे राहिलेले प्रश्न निराळे होते: नशिबावर काहीच सोडले नाही, हे विधान खरे असू शकते काय, आणि ते खरे असले, तरी तेवढ्याने पण लावणे धर्म्य ठरते काय?

हा खेळ मूळचा अमेरिकेतला आणि मूळचा बेसबॉलचा. १९८० साली डॅनियल ओक्रेंट या लेखकाने न्यूयॉर्कमध्ये मित्रमंडळींसह त्याची नियमावली बसविली, आणि ज्या उपाहारगृहात ही मंडळी जमत त्याच्या नावावरून त्याला ‘रोटिसरी’ हे नाव पडले. त्या वेळी निवडलेला संघ सबंध हंगामभर चालवावा लागे, आणि तिकडचा हंगाम म्हणजे प्रत्येक संघाचे १६२ सामने. उत्तमातला उत्तम हिटरसुद्धा दहांपैकी सात वेळा अपयशी होतो. एका पिचरची पाळी साधारण पाच दिवसांतून एकदा येते. अशा खेळात गुणाची पारख व्हायला सहा महिने लागावेत हे स्वाभाविकच होते. पुढे व्यापाऱ्यांनी तो हंगाम एका दिवसावर आणला. सकाळी संघ निवडावा, रात्री हिशेब व्हावा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा डाव मांडावा. आपल्याकडे क्रिकेटच्या रूपाने जे आले ते हे एका दिवसाचे रूप.

हिशेब करून पण लावण्याची ही गोष्ट आम्हा वैदर्भीयांना नवी वाटण्याचे काही कारण नाही, कारण द्यूत आणि गणित यांची गाठ प्रथम जेथे पडली तो रस्ता आमच्याच मुलखाकडे येणारा होता. वनपर्वातले नलोपाख्यान सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातील एक स्थळ घाईत वाचले जाते. कली अंगात शिरल्याने भाऊ पुष्कराशी खेळताना राज्य हरवून बसलेला, कर्कोटकाच्या दंशाने विरूप झालेला नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी झाला आहे. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता आली आहे. आणि एका दिवसात शंभर योजने तोडून कुंडिनपूर गाठायचे आहे. (वर्धा नदीच्या काठचे, अमरावती जिल्ह्यातले कौंडिण्यपूर ते हेच, अशी आमच्याकडील श्रद्धा.) रथ वाऱ्याच्या वेगाने चालला असता ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणतो, की खाली पडलेली पाने-फळे झाडावरच्यांहून एकशे एकाने अधिक आहेत, आणि या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने व दोन हजार पंच्याण्णव फळे आहेत. नळ रथ थांबवतो. राजा म्हणतो, विलंब होईल. नळ ऐकत नाही. तो झाड तोडून फळे मोजतो आणि संख्या बरोबर निघते.

रामटेकच्या बाजूच्या जंगलात बेहडा पुष्कळ आहे. त्याचे फळ मी हातात घेऊन पाहिले आहे: करड्या रंगाचे, वर बारीक मऊ लव, पाच अस्पष्ट कडा, आणि आत दगडासारखी आठळी. वेदकालीन अक्ष म्हणजे हेच बी, आणि त्या काळचा खेळ म्हणजे बियांची मूठ उचलून तिला चाराने भाग जातो की काही बाकी राहते हे पाहण्याचा, असे अनेक पंडितांचे मत आहे. चाराने नि:शेष भाग गेला तर ‘कृत’, एक उरला तर ‘कली’. हे ध्यानात घेतले म्हणजे ऋतुपर्णाच्या त्या गणनेचा अर्थ उलगडतो. एका दृष्टिक्षेपात ढिगाची संख्या ज्याला कळते त्याला फासे वश होतात, आणि फांदीवरून झाडाचे अनुमान करणे ही त्याच विद्येची वरची पायरी. माझा भाचा वहीत जे करीत होता ते याहून निराळे नव्हते. ऋतुपर्ण ती विद्या, अक्षहृदय, नळाला देतो. ती मिळताच नळाच्या देहातला कली बाहेर पडून त्याच बेहड्यात शिरतो. मोजण्याने कली जातो, हे महाभारताचे सांगणे मला फार मोलाचे वाटते.

परंतु कथा तेथे संपत नाही, आणि जेथे ती पुढे जाते तेथे मला आजवर बोचत आलेले एक स्थळ आहे. पहिल्या द्यूतात, साक्षात कली अंगात शिरलेला असताना, सर्वस्व गेल्यावर पुष्कर नळाला म्हणाला होता, की आता दमयंतीच तेवढी उरली आहे, ती पणाला लाव. त्या वेळी नळाचे हृदय विदीर्ण झाले, पण त्याने उत्तर दिले नाही. अंगावरचे अलंकार उतरवून एका वस्त्रानिशी तो निघून गेला. दुसऱ्या द्यूतात, अक्षहृदय अवगत झालेले, कली गेलेला, बुद्धी निर्मळ. आणि या वेळी तो स्वतःहून दमयंतीला पणाला लावतो. एकाच फाशात तो जिंकतो हे खरे. पण मोहात असताना जे त्याने केले नाही ते ज्ञानात असताना केले. विद्येने त्याला कोण जिंकणार हे सांगितले. काय पणाला लावावे, हे तिने सांगितले नाही, कारण तो तिचा प्रांतच नव्हे.

आता दैवाचा प्रश्न घेऊ. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानाची उदाहरणे मी घेतो, कारण ती आमच्या डोळ्यांदेखत घडली. १५ मार्च २०१६ रोजी विश्वचषकाच्या टी-ट्वेंटी सामन्यात न्यूझीलंडने साउदी आणि बोल्ट हे आपले नावाजलेले वेगवान गोलंदाज बाहेर बसविले, तीन फिरकी गोलंदाज खेळविले, अवघ्या १२६ धावा केल्या आणि भारताला ७९ धावांत गुंडाळले. मातीची पारख करून केलेली निवड याहून शुद्ध रूपात मी पाहिलेली नाही. पण त्याच मैदानावर नोव्हेंबर २००८ मध्ये जेसन क्रेझा नावाचा ऑस्ट्रेलियन ऑफस्पिनर पहिला कसोटी सामना खेळला. त्याच दौऱ्यात हैदराबादच्या सराव सामन्यात त्याची धुलाई होऊन त्याला एकही बळी मिळाला नव्हता. येथे त्याने पहिल्या डावात आठ आणि सामन्यात बारा बळी घेतले, आणि त्यानंतर तो उभ्या आयुष्यात आणखी एकच कसोटी खेळला. त्याच सामन्यात पहिल्या डावात ८५ धावा करणारा सौरव गांगुली कारकिर्दीतल्या अखेरच्या डावात पहिल्याच चेंडूवर बाद झाला, आणि तोही क्रेझाच्याच हातून. कोणत्या वहीतल्या कोणत्या रकान्यात हे लिहिलेले होते?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. अधिष्ठान म्हणजे येथे जामठ्याची ती खेळपट्टी. कर्ता तो गोलंदाज. चेंडू, मनगट आणि बोटे ही करणे. धाव, वळण, उसळी या चेष्टा. आणि उरलेले ते दैव. या यादीचा विचार करता करता माझ्या ध्यानात आले, की ओसरीवर बसून नावे निवडणाऱ्याला यात कोठेच जागा नाही. मैदानावरच्या खेळाडूचा पुरुषार्थ हा खेळाडूचा आहे. निवडणाऱ्याच्या दृष्टीने तो पुरुषार्थसुद्धा दैवच, कारण त्याच्या हालचालीने तो चेंडू तसूभरही हलत नाही. याज्ञवल्क्यांनी म्हटले आहे की एका चाकावर रथ चालत नाही, तसे पुरुषप्रयत्नावाचून दैव फळत नाही. खरे आहे; पण या रथाची दोन्ही चाके दुसऱ्याच्या घरची आहेत. भाच्याजवळ असलेले ज्ञान हे द्रष्ट्याचे ज्ञान होते, कर्त्याचे नव्हे. ते ज्ञान लहान आहे असे मी म्हणत नाही. नशिबावर काहीच सोडले नाही असे म्हणण्याचा अधिकार मात्र त्याने मिळत नाही.

यात काळाचा भाग फार मोठा आहे. २०२४-२५ च्या रणजी हंगामात विदर्भाच्या हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, एका हंगामातला तो विक्रम ठरला, आणि विदर्भाने जामठ्यावरच तिसऱ्यांदा करंडक जिंकला. एकोणसत्तर बळी दैवाने मिळत नाहीत. सामन्यामागून सामना, गावोगावच्या खेळपट्ट्यांवर, महिनोन्‌महिने जे टिकते त्यात दैवाचे चढउतार एकमेकांना फेडून टाकतात आणि खाली गुण उरतो. बर्नुली या गणितज्ञाने हेच गणिताने सिद्ध केले, आणि त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये छापला गेला. पुरुषार्थ प्रकट व्हायला अवधी लागतो. एका दिवसाच्या पोटात दैवच मोठे असते. म्हणून ज्या व्यापाऱ्यांनी सहा महिन्यांचा खेळ एका दिवसाचा केला त्यांनी खेळाचे स्वरूपच पालटले. वही दीर्घकाळाची आणि पण आजच्या रात्रीचा, अशी ती विसंगत जोडणी आहे, आणि हुशार मुलगा तिच्यात सर्वांत आधी सापडतो, कारण हरल्यावर तो आपल्या दैवाला बोल लावीत नाही. वही अजून पुरेशी भरली नाही असे समजून पुन्हा प्रवेश भरतो.

कायद्याने हा प्रश्न बहुतकरून पहिल्याच अंगाने हाताळला. नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होते तेथे लागू असलेल्या १८६७ च्या जुगारविषयक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना मोकळीक होती, आणि पुढच्या दीडशे वर्षांतल्या कज्ज्यांचा सारा भर ‘कौशल्य की दैव’ या एका तराजूवर राहिला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला, १९९६ साली घोड्यांच्या शर्यती. आणि त्याच धाग्याला धरून पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ड्रीम इलेव्हन या ॲपवरच्या क्रिकेटनिवडीला कौशल्याच्या पारड्यात टाकले. याउलट १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात मुख्य न्यायाधीश सुधीरंजन दास यांनी ऋग्वेदातले अक्षसूक्त, महाभारत आणि मनुस्मृती यांचे दाखले देऊन द्यूत हा व्यापारच नव्हे असा अभिप्राय दिला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा संमत केला, आणि ज्याला २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली, त्याने तो तराजूच बाजूला ठेवला: पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, त्यास मनाई.

मला हा निवाडा योग्य वाटतो, आणि त्याचे कारण न्यायालयात क्वचितच बोलले जाते. खेळ खरोखर कौशल्याचा आहे असे मानले, तर हरणारा कोण असेल? जो कमी जाणतो तो. म्हणजे कौशल्याचा मुद्दा सिद्ध होताच एवढेच सिद्ध होते, की जाणत्याने अजाणत्याचे धन नेले. निव्वळ दैवाच्या सोडतीत निदान दोघे समान आंधळे असतात. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून, एके ठिकाणी खेळ बांधून, जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच घेण्याची तजवीज केली, ती महसुलाची आणि बंदोबस्ताची तजवीज होती. तिला त्याने धर्म म्हटले नाही.

मनूने निर्जीव वस्तूंनी खेळायचे ते द्यूत आणि सजीव प्राण्यांवर पण लावायचा तो समाह्वय, असा भेद केला आहे. एके रात्री भाच्याने कर्णधार नेमलेला गोलंदाज धावता धावता मांडी धरून खाली बसला. पडद्यावर त्याचा वेदनेने पिळवटलेला चेहरा दिसत होता, आणि ज्या मुलाने त्या माणसाचा प्रत्येक सामना वहीत उतरवून ठेवला होता त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा: “गेले माझे दुप्पट.” तो निर्दय मुलगा नाही. रस्त्यावरचे लंगडे कुत्रे तो घरी उचलून आणतो. पणाने त्याच्या नजरेसमोरच्या माणसाचे बी करून टाकले होते, आणि समाह्वयाला वेगळे नाव का द्यावे लागले ते मला त्या रात्री कळले.

त्याच महिन्यात उघडकीस आले, की परीक्षेच्या आणि मेसच्या पैशांपैकी अकरा हजार रुपये गेले आहेत. ते पैसे माझ्या बहिणीचे. एकोणपन्नासाच्या रकमा कोणी मोजीत नाही. त्या झाडावरच्या पानांसारख्या आहेत, खाली पडलेल्या अधिक झाल्या की मगच दिसतात.

सभेत ओढून आणलेल्या द्रौपदीने विचारलेला प्रश्न द्यूताच्या नियमांचा नव्हता, फाशांच्या खरेखोटेपणाचाही नव्हता. स्वतःला आधी हरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता काय, एवढेच तिने विचारले, आणि भीष्मासारखा धर्मज्ञ धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून थांबला. या प्रश्नाचे उत्तर मराठी मुलखात एका स्त्रीने दिले आहे असे मला वाटते. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात म्हाइंभटांनी नोंदविलेली ती हकीकत महानुभाव पंथाबाहेर फारशी सांगितली जात नाही. भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव द्यूतात मोठी रक्कम हरला आणि देणे फेडण्यासाठी पत्नी कमळाइसेकडे त्याने तिचे अलंकार मागितले. तिने दिले नाहीत. देणे पुढे पित्याने फेडले. परंतु त्या नकाराने हरिपाळदेवाचे मन संसारातून उठले, रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो निघाला, आणि वाटेत ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंची भेट होऊन पुढे चक्रधरस्वामी म्हणून महाराष्ट्राला वंद्य झाला. भक्त या प्रसंगाकडे अवताराची लीला म्हणून पाहतात आणि त्यांच्या श्रद्धेपुढे मी नम्र आहे. मला त्यात कमळाइसेचा शब्दही ऐकू येतो. दमयंतीला कोणी विचारले नव्हते, द्रौपदीला हरल्यावर कळले. कमळाइसेला विचारले गेले आणि ती नाही म्हणाली.

कोणी म्हणेल, की पण कोठे नाही? अक्षसूक्तात उद्ध्वस्त जुगाऱ्याला फासे सोडून शेती करण्यास सांगितले आहे. आणि विदर्भातला कोरडवाहू कापूसवाला मृगाच्या तोंडावर जे बियाणे मातीत टाकतो तो पावसाशी लावलेला पणच नव्हे काय? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. या काळ्या मातीने किती घरे बुडालेली पाहिली आहेत हे येथल्या वाचकाला सांगावयास नको. परंतु शेतकऱ्याचे दैव आणि त्याचा पुरुषार्थ एकाच शेतात उभे असतात, आणि त्याला पीक आले तर शेजाऱ्याचे जळावे लागत नाही. त्याच कापसाच्या न्यूयॉर्कहून येणाऱ्या उघडत्या-मिटत्या भावांवर मुंबईत आकडा लावणाऱ्यांनी पुढे जो मटका काढला, त्यात कापसाचे एक बोंडही नव्हते. दैवाशी गाठ पडणे हे मनुष्याचे प्राक्तन आहे. दैवाला आमंत्रण देऊन दुसऱ्याची ठेव त्याच्यापुढे मांडणे हे प्राक्तन नव्हे, ती आपली करणी आहे.

नळाने शेवटी काय केले ते येथे सांगितले पाहिजे, कारण त्यानेच तो माझ्या मनात सुटतो. अक्षहृदय जाणणाऱ्याने न जाणणाऱ्याला हरविले होते. हा जय त्याने ठेवून घेतला नाही. पुष्कराला त्याने आलिंगन दिले, त्याचा वाटा त्याला परत केला, शंभर वर्षे जग असा आशीर्वाद दिला, आणि महिनाभर सन्मानाने राहून पुष्कर आपल्या नगरास गेला.

भाच्याची वही अजून आहे. रणजीचा सामना जामठ्याला असला की तो ती घेऊन जातो, सामन्यापूर्वी अकरा नावे लिहितो आणि संध्याकाळी कोणाचे चुकले, का चुकले, ते लाल शाईने समासात मांडतो. गेल्या खेपेस मीही त्याच्याशेजारी बसून माझी अकरा लिहिली, आणि त्याची माझ्यापेक्षा पुष्कळ बरी ठरली. आईचे अकरा हजार तो गणिताच्या शिकवण्या करून दरमहा हजाराप्रमाणे फेडतो आहे. चार हप्ते झाले. सात राहिले आहेत.